जाहिरातीतील रामबाण औषधे

एकोणिसाव्या शतकात ‘सर्व रोगांवर एकच गोळी’ अशा जाहिराती वर्तमानपत्रांतून झळकत. १८७७ साली टपालाने व्ही. पी. मागविण्याची सोय झाली व अशी औषधे घरपोच मिळू लागली. त्यांतील घटक मात्र गुप्त ठेवले जात. हिंदुस्थानातही खपलेल्या विलायती हॉलोवेच्या गोळ्यांत कोरफडीचा सुकविलेला रस, सुंठ व साबण असल्याचे १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणावरून दिसून आले. म्हणजे ते केवळ रेचक होते. पैसा जाई, रोग बळावे.

मधुमेह, कर्करोग, फेफरे इत्यादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पांढुर्णा-सौंसर परिसरातील ग्रामस्थांनी अशा औषधांवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळीच तपासणी करून घ्यावी.