दुखतंय म्हणजे नेमकं कसं?

हॉस्टेलवर रात्री कुणाचं पोट दुखायला लागलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘काय खाल्लंस?’ मग मेसच्या भाजीला शिव्या, मग कुणाच्या तरी कपाटातून निघालेला ओवा, ईनो आणि शेवटी पेनकिलर. जिच्याकडे गोळ्यांचं पाकीट, ती त्या मजल्याची डॉक्टर. आमच्या मजल्यावरची डॉक्टर मी होते.

सेकंड इयरची गोष्ट, रूममेटला विचारूनच लिहितेय. संध्याकाळी तिला बेंबीभोवती दुखायला लागलं. जेवण नको म्हणाली, एक उलटीही झाली. मी म्हटलं, ‘गॅस असेल गं.’ पाळीच्या वेळी मी घेते ती गोळी तिला दिली, वर गरम पाण्याची पिशवी. रात्री दुखणं उजवीकडे खाली सरकलं. पहाटे ती म्हणाली, ‘जरा बरं वाटतंय.’ मी खूश होऊन झोपून गेले. सकाळी बघते तर अंगात ताप, आणि बाई कमरेत वाकून चालतेय. रिक्षा खड्ड्यात आपटली की कळवळायची.

कॅज्युअल्टीत मी डॉक्टर कुठे म्हणून शोधत होते आणि समोर आल्या सिस्टर. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि प्रश्न सुरू केले. कधीपासून? आधी कुठे होतं, आता कुठे आहे? एकसारखं दुखतं की कळ येऊन जाते? शेवटचं खाल्लंस कधी? खरं सांगू, मला राग येत होता. पोरगी इथे तळमळतेय आणि यांच्या चौकशा काय! तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘मधे एकदा एकदम बरं वाटलं होतं का?’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

अपेंडिक्स फुटलं होतं. फुटलं की आतला ताण सुटतो, काही वेळ दुखणं उतरल्यासारखं वाटतं आणि मग ते पोटभर पसरतं. ज्या ‘बरं वाटतंय’वर मी निवांत झोपले, ते हे होतं. ऑपरेशन झालं, ती बरी झाली. एक पेपर बुडाला, पोटावर व्रण राहिला.

या पानासाठी विषय शोधताना तोच प्रश्न डोक्यात होता. म्हणून कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलेल्या एका सिस्टरना गाठलं. ‘नाव नको हं,’ असं आधीच बजावून त्या बोलायला बसल्या. त्यांचं म्हणणं, निदान डॉक्टर करतात. पण कुणाला आधी आत घ्यायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, हे बहुतेकदा नर्सच्या नजरेवर ठरतं. आणि ती नजर आपल्याला वाटतं तिथे नसते. जो गडाबडा लोळतोय, ओरडतोय, त्याला बऱ्याचदा मुतखडा असतो. त्या कळा भयंकर, पण माणूस एका जागी राहू शकत नाही. ज्याच्या पोटात आत जंतुसंसर्ग पसरलाय तो उलट गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, कारण हललं तरी दुखतं. त्याला खोकायला सांगितलं तरी तो घाबरतो. ‘शांत पडलेला पेशंट दिसला की मी आधी त्याच्याकडे जाते,’ त्या म्हणाल्या.

दुखतंय म्हणजे कसं, हेही नीट सांगता आलं पाहिजे. आपल्या भाषेत त्यासाठी केवढे शब्द आहेत बघा. कळ, मुरडा, चमक, ठणका, जळजळ, पीळ. आजी हे सगळे वेगवेगळे वापरते. आपण मात्र ‘पेन होतंय’ म्हणून मोकळे होतो. येऊन-जाऊन येणारी कळ आणि सलग ठणका यांचा अर्थ डॉक्टरांसाठी वेगळा असतो. ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ हा प्रश्नही उगाच नसतो. तासाभराने तोच परत विचारतात आणि आकडा वाढला की कमी झाला ते केसपेपरवर लिहितात.

मनगट धरण्यात एक गंमत आहे, ती मला आता कळली. नाडी मोजून झाली तरी सिस्टर हात सोडत नाहीत. तेव्हा त्या गुपचूप श्वास मोजत असतात. सांगून मोजायला गेलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मग बीपी, ताप. कधी बोटाला सुई टोचून शुगरही, कारण डायबिटीस फार बिघडला तरी पोट दुखतं. पोट तपासताना आधी बघायचं, मग स्टेथोस्कोपने ऐकायचं आणि हात लावायचा तो नंतर, कारण दाबल्यावर आतड्यांचे आवाज बदलू शकतात. गुडघे वाकवायला लावतात ते पोट सैल पडावं म्हणून. दुखरी जागा सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडापर्यंत रेघ ओढली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर अपेंडिक्सची जागा येते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जनने १८८९ मध्ये ती सांगितली, अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

आता माझी गोळी. निदानाआधी दुखणं दाबायचं नाही, हा जुना दंडक. झॅकरी कोप यांच्या १९२१ च्या गाजलेल्या पुस्तकातही त्यावर भर होता. पुढे अभ्यासांतून दिसलं की हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही. पण मी रूमवर दिली ती देखरेख नव्हे. तरी एकदा गोळी घेतलीच असेल, तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. नाव माहीत नसेल तर पाकीटच घेऊन जा. दुखणं सुरू झालं ती वेळ मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत खाणं-पिणं, एरंडेल, शेक यातलं काही नको.

राहिला अवघड प्रश्न. मुलींना विचारतात, ‘शेवटची पाळी कधी आली?’ त्यापाठोपाठ लघवीची प्रेग्नन्सी टेस्टही सांगतात. यात चारित्र्य तपासायचं नसतं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आणि नळी फुटली तर आत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. मुलगेही काही कमी नाहीत. अंडकोषाला पीळ पडतो तेव्हा ओटीपोटातही दुखतं. मुलगा लाजून फक्त ‘पोट दुखतंय’ म्हणतो आणि तिथे साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अवयव वाचण्याची शक्यता चांगली असते.

सिस्टर म्हणाल्या, ‘खोटं बोलतात ती पोरं आम्हाला घाबरून नाही गं, सोबत आलेल्या मित्रांपुढे.’ तेव्हा सोबत गेलात, तर केसपेपर काढून द्या, सिस्टरना वेळा सांगा आणि पडद्याआड प्रश्न सुरू झाले की तेवढा वेळ बाहेर चहा घेऊन या.