पिल्लाचा पहिला आठवडा आणि बॅचचे वजन

हातकणंगले तालुक्यात उसाच्या जोडीला पोल्ट्रीचं शेड टाकलेली मंडळी बरीच आहेत. बॅच उचलायची वेळ आली की वजनकाटा आणि खाद्याचा हिशेब एवढंच डोळ्यांपुढं असतं. वजन कमी भरलं की पहिला दोष खाद्याला, दुसरा कंपनीच्या पिल्लाला. कधी कधी तो खराही असतो. पण अंगावर मांस धरतं कसं हे समजून घेतलं, तर आपलं कुठं चुकतं तेही कळेल.

कोंबडी कापल्यावर बघा. छातीचं मांस पांढरं, तंगडीचं लालसर. कोंबडी दिवसभर चालते, उकिरडा उकरते. म्हणून पायाला दमादमानं चालणारे, रक्तातला प्राणवायू साठवणारे लाल तंतू. उडते ती कुत्रं मागं लागलं तर कुंपणापर्यंत. त्यामुळं छातीत झटक्यात काम करून लगेच थकणारे पांढरे तंतू. पारवा लांबवर उडतो, तर त्याची छाती गडद लाल निघते.

हे तंतू आखडतात ते मायोसिन नावाच्या प्रथिनामुळं. ते कसं बनवायचं याची कृती पेशीत लिहिलेली असते, तिला जनुक म्हणतात. गंमत अशी की मायोसिनचं जनुक एकच नाही, ती भावकीच आहे. वेगवान तंतूंची मायोसिन जनुकं एकाच गुणसूत्रावर लगोलग आहेत, वाटणी झालेल्या भावांच्या तुकड्यांसारखी. ती सगळ्या पेशींत असतात. पण पाटाचं पाणी जसं पाळीनं सुटतं, तशी ती पाळीनं उघडतात. अंड्यात पिल्लू वाढताना एक, बाहेर आल्यावर दुसरं, पक्षी मोठा होताना तिसरं. एवढंच नव्हे, मायोसिनच्या साखळीतल्या एका जनुकापासून दोन वेगळी प्रथिनं तयार होतात, हे १९८४ साली जपानी शास्त्रज्ञांनी कोंबडीतच दाखवलं. एकाच रसापासून गूळही आणि काकवीही, तसंच हे म्हणायचं. पुढं २००४ साली कोंबडीच्या जनुकीय लिपीचा पहिला मसुदा वाचून झाला.

आता कुणी म्हणेल, याचा आमच्या शेडशी काय संबंध? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं जुन्या-नव्या वाणाचे पक्षी एकच खाद्य देऊन वाढवले. ५६ दिवसांनी १९५७ च्या वाणाचा पक्षी ९०५ ग्रॅमचा, १९७८ च्या वाणाचा १,८०८ ग्रॅमचा आणि २००५ च्या वाणाचा ४,२०२ ग्रॅमचा भरला. खाद्य तेच, फरक वाणाचा. गावरान कोंबडीला ब्रॉयलरचं खाद्य कितीही घाला, ती ब्रॉयलर होणार नाही. उगाच खर्च. उलट गावरानाची चव आणि दर वेगळा, तिचं गणित वेगळं मांडावं.

पण वाण चांगला म्हणून निवांत बसता येत नाही. मांसाचे तंतू किती, ते पिल्लू अंड्यातून निघेपर्यंत जवळजवळ ठरून गेलेलं असतं. नंतर तंतू वाढत नाहीत, जाड होतात. ते जाड व्हायला तंतूंच्या कडेला राखीव पेशी असतात. त्या वाढून तंतूंत मिसळतात. या पेशींचा खरा जोर पहिल्या काही दिवसांतच असतो. पहिले दोन दिवस पिल्लू उपाशी राहिलं, तर पुढं छातीचं मांस कमी भरतं, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. नंतर खाद्य ओतून ती तूट पुरती भरून निघत नाही.

सुमारे ४० ग्रॅमचं पिल्लू सात दिवसांत चौपटीच्या वर जायला हवं. सातव्या दिवशी थोडी पिल्लं काट्यावर घालाच. आपल्याकडं बरेच जण बॅच उचलतानाच वजन बघतात. तेव्हा बघून काय उपयोग?

पिल्लं यायच्या आधी ब्रूडर लावून भाताचं तूस गरम करून ठेवा. तूस थंड असेल तर पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात, खायला फिरत नाहीत. पिल्लांच्या उंचीवर ३२-३३ अंश उष्णता ठेवा, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. रात्री वीज गेली तर शेगडीची सोय हाताशी असू द्या, मात्र धूर कोंडू देऊ नका. आधी पाणी, मग खाद्य. गूळपाणी देण्याची रीत जुनी आहे, गूळ तर आपल्याच जिल्ह्याचा. पण ते पहिल्या काही तासांपुरतं, दिवसभर नको. खाद्य कागदावर पसरून टाका.

ग्रामपंचायत अधिकारी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मंडळींनाही एक विनंती. योजनेतली एकदिवसीय पिल्लं सकाळीच वाटून मोकळं व्हावं. खोकी समारंभासाठी दुपारपर्यंत ठेवली, की लाभार्थ्याच्या घरी पोचेपर्यंत पिल्लांचे मोलाचे तास गेलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-तीस पिल्लं हातात धरून गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटानं चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खातंय, पितंय. टणक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी लागली तर आधी ब्रूडरची ऊब बघा, मग पाण्याची भांडी.