रिमच्या रेषेखाली

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २४००८ क्रमांकाचं एक कलम होतं. गाडीत बदल करून चाकांखेरीज तिचा कुठलाही भाग रिमच्या तळकडेपेक्षा खाली आणला, तर अशी गाडी रस्त्यावर काढणं गुन्हा, असं ते सांगायचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते लागू झालं. नियम पटण्याजोगा वाटतो, कारण टायर बसला तरी गाडीचं पोट डांबरावर टेकता कामा नये. पण गाडी इतकी खाली उतरवण्याचा नाद तेव्हा सर्वांत जास्त रुजला होता तो लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांत. त्यामुळे दंडाच्या पावत्याही मुख्यतः तिथल्याच पोरांच्या हातात पडत राहिल्या.

'लोरायडर' म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांची हकीकत समजून घ्यायची तर जून १९४३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या महिन्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नौसैनिकांच्या टोळ्यांनी ढगळ 'झूट सूट' घालणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना शोधून शोधून मारलं, त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले. नुसत्या पेहरावासाठी मार खाल्लेल्या या वस्त्यांत युद्धानंतर जुन्या शेवरोले गाड्या परवडू लागल्या. शहरातले बाकीचे हौशी तरुण तेव्हा गाडीचं वजन उतरवून, इंजिनाची ताकद वाढवून शर्यती लावत होते. या पोरांनी नेमकं उलटं केलं. गाडी जमिनीलगत आणायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि संध्याकाळी आपल्याच वस्तीतून माणसाच्या चालीने फिरवायची. मला हा निर्णय विलक्षण धाडसाचा वाटतो. दिसलात तर मार खाल, असा धडा ज्यांना दिला गेला होता, त्यांनी सावकाश जाऊन सगळ्यांना नीट दिसायचं ठरवलं.

साधनं तुटपुंजी होती. डिकीत वाळूची पोती टाकली की मागची बाजू बसायची. मागचा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून किंवा पुढच्या कॉइल स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापूनही काम भागायचं. काही जण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती दबवायचे. हा प्रकार घातक, कारण तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि अशी स्प्रिंग केव्हा दगा देईल याचा नेम नसतो.

वेढे कापण्यामागचं गणित सोपं आहे. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतले दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक होते. ते एका परीने बरंच, कारण चाकाला वर यायला जागा कमी उरलेली असते. मात्र शॉकअप जुन्या, मऊ स्प्रिंगच्या मापाचा असतो. तो नव्या स्प्रिंगला आवरू शकत नाही आणि गाडी उसळत राहते.

गाडी खाली घेतली की वळणावर पकड वाढते, हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकणार, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. उंची घटली की सरकणारा भार घटतो, इथवर ठीक. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले खांब, असतात. बॉडी खाली गेली की त्यांच्या खालच्या आर्मचा कोन बदलतो, आणि ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं की बॉडी उलट जास्त कलू पाहते. म्हणून गाडी नुसती खाली घेऊन चालत नाही, त्या प्रमाणात स्प्रिंगही कडक लागते. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बिघडतो. मग खड्ड्यात चाक आपणहून किंचित वळतं, आणि अलाइनमेंट करून घेतली नाही तर टायर आतल्या कडेने झिजून जातो.

लोरायडरवाल्यांना वळणांशी कर्तव्य नव्हतं, कायद्याशी होतं. तिथे रॉन अगिरे या तरुणाची करामत कामी आली. १९५९ मध्ये त्याने आपल्या शेवरोले कॉर्व्हेटवर विमानांच्या भंगारातले पेस्को कंपनीचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बसवले. 'एक्स-सॉनिक' नावाची ही गाडी बटण दाबताच उंची बदलायची. पोलीस दिसला की वर, पुढे सरकला की खाली. रिमच्या रेषेखाली गाडी आणणं गुन्हा होता, तर ती पाहिजे तेव्हा रेषेच्या वर नेता येईल अशी सोय त्याने केली. पुढे सामान चढवणाऱ्या ट्रकांच्या मागच्या लिफ्टचे पंप वापरात आले, डिकीत बॅटऱ्यांची रांग लागली आणि गाड्या तीन चाकांवर तोलून उभ्या राहू लागल्या. आज लोरायडर म्हटलं की डोळ्यांपुढे येणाऱ्या त्या गाडीच्या उड्यांचं मूळ एका दंडाच्या कलमात आहे.

या सगळ्याला सर्वांत मानवली ती १९५८ मध्ये आलेली शेवरोले इम्पाला. १९६४ पर्यंत तिची चेसिस इंग्रजी 'एक्स'च्या आकाराची होती. चाकांची निवडही पाहण्यासारखी आहे. मूळ १४ इंची चाकं काढून तिला १३ इंची, सात इंच रुंद, तारांची चाकं लावत आणि अजूनही लावतात. डेटन कंपनीची शंभर तारांची चाकं तर मानाची. चाक लहान झालं की गाडी आणखी खाली जाते आणि मडगार्डच्या आत त्याला बसायला जागाही मिळते.

गाड्या फिरायच्या त्या लॉस एंजेलिसमधल्या व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर. याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० रोजी, व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, मोर्चाच्या दिवशी, पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. गाड्यांचे क्लबही याच काळातले. १९६२ मधला ड्यूक्स, त्यामागून इम्पीरियल्स. इम्पीरियल्सच्या जेसी वालादेझ यांची 'जिप्सी रोझ' ही गुलाबी, अंगभर गुलाब रंगवलेली १९६४ ची इम्पाला. तिच्या आधीची त्याच नावाची गाडी हल्लेखोरांनी फोडून टाकली होती. वालादेझ यांनी दुसरी घडवली, वॉल्ट प्रे यांनी ती रंगवली. २०१७ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय सूचीत झाली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ती लोकांना पाहायला ठेवली गेली. मालक २०११ मध्येच गेले होते.

'लोरायडर' हे मासिक १९७७ मध्ये सॅन होजेत सुरू झालं. पुढच्या दशकात राज्याने स्थानिक संस्थांना रस्त्यावर फेऱ्या मारण्यावर बंदी घालायची मुभा दिली. नॅशनल सिटी या शहराने १९९२ मध्ये तशी बंदी घातली. ती मुभा आणि २४००८ हे कलम, दोन्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ४३६ क्रमांकाच्या विधेयकाने काढून टाकली. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात गाडी खाली असणं हा गुन्हा उरला नाही.

आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, नाशकात गाडी लोअर करून घेणारे तरुण आहेत. त्यांची ओढ लहान चाकांकडे नाही, मोठ्या अलॉयकडे आहे. त्यात चुकीचं काही नाही, फक्त माप सांभाळावं लागतं. १७५/६५ आर १४ टायरचा बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर, तर १९५/५० आर १५ चा ५७६. फरक सव्वा टक्क्याच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटर जेमतेम हलतो. इंचांच्या हौसेपायी हा व्यास वाढू दिला, तर खाली घेतलेल्या गाडीचा टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासायला लागतो.

खरा प्रश्न गतिरोधकांचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये तेवढं अंतर असलेली, गाडी त्यावर चढली की चारही चाकं त्या चढावरच असतात. भूमितीने पाहिलं तर दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये पोटाखाली साडेचार सेंटिमीटर जागा पुरते. चाळीस मिलिमीटर खाली घेतलेली गाडीही, चार माणसं बसवून, तो न घासता ओलांडेल. पण गल्लीत असतो तो दीड-दोन फूट रुंदीचा डांबराचा ढीग. त्यावर पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची चढायची असतात आणि पोटाला ढिगाची सगळी उंची झेलावी लागते. घासणाऱ्या गाडीचा दोष आपण गाडीवाल्याला देतो, रस्ता करणाऱ्याला कधीच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

कायद्याची बाजूही गंभीर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीमधला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कॅलिफोर्नियाचं कलम वापरलं गेलं पक्षपाताने, पण त्यात एक रेषा होती आणि ती कोणालाही टेपने मोजता येत होती. अगिरेसारख्याला तिला उत्तर देता आलं ते त्यामुळेच. आपल्याकडेही भरलेल्या गाडीच्या पोटाखाली किमान किती मिलिमीटर जागा हवी, हेडलाइट किती उंचीवर हवेत, अलाइनमेंटचा दाखला कोणाचा चालेल, हे आकड्यांत लिहिलेलं असावं. मग परवानगी द्यायची की नाही, हे आरटीओच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही, आणि स्प्रिंग कापून देणाऱ्याऐवजी जुळणारे शॉकअप व स्प्रिंग बसवून देणाऱ्या मिस्त्रीकडे पोरं जातील.