तुवालूतला खड्ड्यातला कंद

परसात सांडपाण्यावर आपण अळू लावतो. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू देशात मात्र अळूच्याच कुळातल्या ‘पुलाका’साठी आधी खड्डा खणावा लागतो. नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही, जमीन म्हणजे पोवळ्यांचा चुरा. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, म्हणून ते खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खड्डा त्या गोड्या थरापर्यंत न्यायचा, पालापाचोळा कुजवून माती स्वतःच तयार करायची. केवढी चिकाटी! कंद शिजवूनच खायचा; कच्चा घशाला खाजतो, आपल्या अळूसारखाच. २०१५ च्या पाम चक्रीवादळात नुई बेटावरच्या खड्ड्यांत समुद्र शिरला. खारावलेला खड्डा पावसानं धुऊन निघेपर्यंत ताटात भात, तोही जहाजातून आलेल्या तांदळाचा.