बोटांनी ऐकलेलं हृदय

चार पावलं चाललं की मुलाला धाप लागायची आणि ते मध्येच उकिडवं बसायचं. ओठ निळे, नखं निळी. उकिडवं बसल्यावर पायांकडे जाणारं रक्त अडतं, थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं आणि जिवाला बरं वाटतं. हे त्या मुलांना कोणी शिकवलेलं नसे. हृदयातल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसांकडची वाट चिंचोळी, असा हा जन्मजात दोष. त्यावर इलाज नव्हता.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. हेलन टाउसिग १९३० पासून अशी मुलं तपासत होत्या. पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं. मग त्या बाळाच्या छातीवर हलकेच बोटं टेकवून ठोक्यांमागची थरथर टिपू लागल्या.

पोटातल्या बाळाच्या महाधमनी आणि फुप्फुसधमनीला जोडणारी एक नळी असते. जन्मानंतर ती मिटते. टाउसिगच्या लक्षात आलं, की ही नळी उघडी असेतो निळं बाळ तग धरतं, मिटली की खालावतं. मग तशी वाट आपणच का करून देऊ नये? बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली नळी बांधून दाखवली होती. टाउसिग त्यांच्याकडे गेल्या, पण नवी वाट जोडण्यात ग्रॉस यांना रस नव्हता.

हॉपकिन्समध्येच आलेल्या अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ते मनावर घेतलं. कुत्र्यांवर प्रयोग करून जोडणीचं तंत्र घोटून घोटून पक्कं केलं ते त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. ती मुलगी काही महिनेच जगली. तिसऱ्या खेपेला मात्र सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

१९४५ च्या शोधनिबंधावर नावं दोनच, ब्लेलॉक आणि टाउसिग. थॉमसवरचा हा अन्याय मला आजही बोचतो. अलीकडे काही डॉक्टर शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचंही नाव घेतात.

त्या मूळ शस्त्रक्रियेत हाताकडे जाणारी धमनीच कापून फुप्फुसधमनीला जोडत. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हाताला रक्त पुरवत राहत. ती मुलं मोठी झाली, त्यांचे संसार झाले. पण त्या बाजूच्या मनगटावर बोट ठेवलं, तर नाडी बहुधा लागत नसे.