लॅटिनमधील आवश्यकतावाचक कर्मणी रचना : मराठीच्या आधारे आकलन

महाविद्यालयीन सभेच्या सूचनेतील 'अजेंडा' हा मूळचा लॅटिन शब्द असून 'करावयाच्या गोष्टी' हा त्याचा अर्थ होय. लॅटिनमध्ये अशा धातुसाधित विशेषणास 'जेरंडिव्ह' म्हणतात. त्यास 'असणे' या क्रियापदाची जोड मिळाली की आवश्यकता व्यक्त होते.

इंग्रजीच्या द्वारे लॅटिन शिकणाऱ्या कोल्हापुरातील विद्यार्थ्यास ही रचना अवघड वाटते. वस्तुतः ती त्याच्या मातृभाषेतच आहे. 'मिही लिबर लेगेन्दुस एस्ट' म्हणजे 'मला ग्रंथ वाचायचा आहे'. 'मिही एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्ट' म्हणजे 'मला चिठ्ठी लिहायची आहे'. दोन्ही भाषांत कर्ता चतुर्थीत असतो आणि विशेषण कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. संस्कृतात मात्र 'मया ग्रन्थः पठितव्यः' येथे कर्ता तृतीयेत येतो. याच 'तव्य' प्रत्ययापासून मराठीतील 'वाचावा', 'लिहावी' ही विध्यर्थी रूपे आली.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. 'वाचायचा आहे' यातून मराठीत इच्छाही सूचित होते. लॅटिन रचनेत कर्तव्याचा भाव प्रधान असतो. म्हणून रचना समजून घेताना 'वाचायचा आहे' आणि भाषांतर करताना 'वाचला पाहिजे' हे रूप स्वीकारणे श्रेयस्कर ठरते.