रविवारची गोळी आणि लिव्हरवरची चरबी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरलं की गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी आधी दिसते. ती कायद्यानेच लावावी लागते. तिच्याखालच्या बाकड्यावर उपाशीपोटी बसलेली बाई गरोदरच असेल असं नाही. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असतील, तर ती बहुधा आमवाताची पेशंट.

आमवातावरचं पहिल्या पसंतीचं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. मुळात ते रक्ताच्या कर्करोगासाठी आलं, आपल्याकडचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या अमेरिकी प्रयोगशाळेतून. आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 1988मध्ये. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. कित्येक जण रविवार धरतात. (चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.) या औषधाचा भार लिव्हरवर पडतो, म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. त्यात सांधे धरल्याने चालणं सुटतं, सोबतच्या स्टेरॉइडने भूक वाढते, वजन चढतं, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर येतं : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’.

हा ग्रेड ठरतो नजरेने. चरबी साठलेलं लिव्हर पडद्यावर शेजारच्या उजव्या मूत्रपिंडापेक्षा पांढुरकं दिसतं. किती पांढुरकं, त्यावर एक, दोन किंवा तीन. चरबी थोडी असेल तर ती निसटते. त्यामुळे सहा महिन्यांनी ‘टू’चा ‘वन’ झाला, तर चरबी उतरली असेल, किंवा नुसतं मशीन आणि डॉक्टर बदलले असतील! खरा धोका चरबीपेक्षा लिव्हर कडक होत जाण्याचा, आणि तो साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला कळत नाही. वय, लिव्हरची दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून त्या कडकपणाचा अंदाज देणारा ‘फिब-4’ हा आकडा निघतो. तो जास्त आला तर कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करतात. माझ्या मते ग्रेडइतकीच चौकशी या आकड्याची व्हायला हवी.

उपाय जुनाच, वजन उतरवणं. सत्तर किलोच्या माणसाने पाच ते सात किलो कमी केले तर लिव्हरची सूजही ओसरू शकते. उल्हासनगरात राहून दाल-पकवान सोडा म्हणणं सोपं नाही, पण रोज नको. दारू तर मेथोट्रेक्सेटबरोबर नकोच.

ग्रेड वाचून घाबरून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. सांधे पुन्हा पेटतात. पुढच्या सोनोग्राफीला शक्यतो त्याच केंद्रात जा, आणि जुना रिपोर्ट, रक्ताचे कागद पिशवीत घ्यायला विसरू नका.